अकरा क्लबांचा स्टॉपर

कोळिकोड
९ जुलै २०२३

मामा, नमस्कार.

तुमच्या कानांनी फोनशी कट्टी घेतली त्याला दीड वर्ष झालं. त्यात फायदा एकच, माझं मराठी सुधारतंय. शाळेत इंग्रजी आणि तेलुगू, मैदानावर दखनी, आणि मराठी फक्त आईच्या स्वयंपाकघरात, त्यामुळे वेलांट्या चुकतील. सांभाळून घ्या.

करार झाला, एका सीझनचा. हा अकरावा फुटबॉल क्लब. ट्रायलला बचावातल्या माझ्याच जागेसाठी माझ्या निम्म्या वयाचे स्टॉपर आले होते, माझ्यापेक्षा वेगानं धावणारे. कोचनं शेवटी मला घेतलं ते कॉर्नरमुळे. कॉर्नरला चेंडू वरून आला की कुठे पडणार ते मला आधी कळतं, आणि मी तिथे डोकं घालतो. पंधरा वर्षं मला भाकरी त्यावरच मिळाली आहे. गोव्यात, कोलकात्यात, शिलाँगला, गेल्या वर्षी पंजाबात, सगळीकडे तेच काम. पेपरात माझं नाव फारसं येत नाही, पण गोल झाला नाही तर त्यात मी असतो.

खोली बरी आहे. जोडीदार संदेश म्हणून गोलकीपर आहे, कोल्हापूरचा. म्हणजे मराठी बोलायला माणूस मिळाला.

एक गंमत झाली. इथे मालीश करणारे सुकुमारन म्हणून एक म्हातारे आहेत. मी टेबलावर पडलो होतो, तोंडावर टॉवेल. त्यांनी उजव्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, हा गुडघा मी गोव्यात पाहिलाय. चौदा वर्षांपूर्वी माझ्या दुसऱ्या क्लबात ते होते. चेहरा नाही, गुडघा ओळखला.

सुजाताकडे अधूनमधून जात जा. ती कोचिंग क्लासच्या गडबडीत असते, पण तुम्ही गेलात की आमची मृण्मयी खूश असते.

तुमचा,
पुष्कर


सुलतान बाजार, हैदराबाद
१९ जुलै २०२३

चि. पुष्कर, आशीर्वाद.

पत्र पोचलं. वेलांट्यांचं म्हणशील तर वीज खात्यात चौतीस वर्षं मी ज्यांच्या फायली वाचल्या, त्यांच्यापेक्षा तू बरा लिहितोस.

अकरावा क्लब झाला. मी आयुष्यात एकाच संघाकडून खेळलो, आमच्या ऑफिसच्या. तोही दुपारच्या सुटीत सराव करून. तेव्हा मी तुला सल्ला द्यावा असं काही उरलेलं नाही. तरी मामा म्हणून लिहितो, तेहेतीस वर्षं झाली तुला. जपून.

रविवारी दिलसुखनगरला गेलो होतो. मृण्मयी मला, तेलुगूत आजोबाला म्हणतात तसं, मामा-ताता म्हणते आणि सुजाताच्या पांढऱ्या फळ्यावर लिहून माझ्याशी बोलते. सहा वर्षांच्या मानानं अक्षर मोठं छान आहे. सुजातानं फळ्यावर लिहिलं की तू मृण्मयीच्या वाढदिवसाला फोन केला नाहीस, दुसऱ्या दिवशी केलास तेव्हाही वाढदिवसाचं काही बोलला नाहीस. मी तिला म्हटलं, नवीन गाव, नवा संघ, माणूस हौला होतो अशा वेळी, डोकं ठिकाणावर राहत नाही. तिला ते फारसं पटलं नसावं.

पंजाबात फेब्रुवारीत डोक्याला मार लागला होता, त्याचं काय झालं? तू 'ठीक आहे' एवढंच कळवलं होतंस. नीट लिही.

केशवमामा


कोळिकोड
५ ऑगस्ट २०२३

मामा, नमस्कार.

सरावाचे सामने सुरू झाले. गेल्या शनिवारी मी हेडरनं गोल केला, कॉर्नरवरून, गेल्या तीन वर्षांतला पहिला. दमट हवेमुळे हाफटाइमला जर्सी पिळून पुन्हा घालावी लागते. कोच खूश आहे. मृण्मयीच्या वाढदिवसाचं खरंच चुकलं, मी तिला इथून शिंपल्यांची माळ पाठवली आहे.

इथे एक गंमत झाली. मालीश करणारे सुकुमारन म्हणून एक म्हातारे आहेत. मी टेबलावर पडलो होतो, तोंडावर टॉवेल. त्यांनी उजव्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, हा गुडघा मी गोव्यात पाहिलाय. चौदा वर्षांपूर्वी माझ्या दुसऱ्या क्लबात होते ते. चेहरा नाही, गुडघा ओळखला.

डोकं ठीक आहे. काळजी नको.

संदेश म्हणून गोलकीपर आहे माझ्या खोलीत, कोल्हापूरचा. मराठी बोलायला माणूस मिळाला.

तुमचा,
पुष्कर


सुलतान बाजार
१४ ऑगस्ट २०२३

चि. पुष्कर,

तुझी दोन्ही पत्रं मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आहेत. गुडघ्याची गोष्ट दोन्हींत आहे. गोष्ट माणूस पुन्हा सांगतो, मीही सांगतो, माझं वय झालंय. पण इथे शब्द तेच आहेत, टॉवेलसुद्धा तसाच. आणि संदेशची ओळख तू मला दुसऱ्यांदा करून दिलीस.

मी वडीलधारा म्हणून विचारत नाही. मैदानावर दोघं शेजारी उभे असतात तसं विचारतो. काय होतंय?

केशवमामा


कोळिकोड
२९ ऑगस्ट २०२३

मामा,

तुमचं पत्र आल्यापासून तीनदा लिहायला बसलो. आधी खोटं लिहिलं होतं, ते फाडलं.

सुरुवात पंजाबात झाली, किंवा त्याच्याही आधी. किती वेळा लागलंय ते मीही मोजलेलं नाही. पंजाबात समोरच्या संघाच्या फॉरवर्डचं डोकं माझ्या कपाळावर बसलं. मी उठलो, उरलेली वीस मिनिटं खेळलो, सामना संपल्यावर संघाच्या बसमध्ये बसलो. त्यातलं मला काहीच आठवत नाही. लोकांनी सांगितलं म्हणून माहीत आहे.

आता डोकं रोज दुखतं. दुपारचं ऊन डोळ्यांत सुईसारखं शिरतं. गेल्या आठवड्यात मैदानावरून खोलीवर येताना रस्ता चुकलो. सरळ रस्ता आहे, मामा, एक वळण. मी एका माशांच्या दुकानापुढे उभा राहिलो आणि डावीकडे जायचं की उजवीकडे ते कळेना. शेवटी संदेशला फोन केला आणि मुद्दाम हसत बोललो, म्हटलं मासे कुठले घेऊ. तो आला. त्याच्याबरोबर परत आलो. त्याला कळलं का, माहीत नाही.

सामन्याआधी मनगटाच्या पट्टीवर मी पेननं लिहून ठेवतो, कुणाला धरायचं आहे त्याचा नंबर. पूर्वी अख्खा संघ तोंडपाठ असायचा.

सीझनच्या आधी डोक्याची एक चाचणी घेतात. कॉम्प्युटरवर शब्द दाखवतात, मग ते आठवायचे असतात. पुढे कधी मार लागला तर त्या आकड्याशी तुलना करतात. मी मुद्दाम चुकीची उत्तरं दिली, म्हणजे आकडा आधीच खाली राहील. खरं सांगायचं तर काही मुद्दाम चुकलो आणि काही तशीच चुकली. किती कुठली ते मला सांगता येणार नाही.

सुजाताला हे कळू देऊ नका. ती उद्याच्या गाडीत बसून इथे येईल. तुम्ही मला शब्द द्या. हा एक सीझन मला पुरा करू द्या. मला दुसरं काहीच येत नाही. हा सीझन झाला की कोचिंगच्या लायसन्सची परीक्षा देईन, कोच माझ्यासाठी शब्द टाकणार आहे. अर्ध्यावर सोडून गेलेल्यासाठी कुणी शब्द टाकत नाही.

पुष्कर


सुलतान बाजार
७ सप्टेंबर २०२३

चि. पुष्कर,

शब्द दिला. सुजाताला मी सांगणार नाही.

आता माझं ऐक. तू बारा वर्षांचा होतास. कडुलिंबाच्या फांदीला मी दोरीनं चेंडू टांगला होता. ती फांदी तुला आठवत असेल, पण बादली आठवते का? रात्रभर मी तो चेंडू बादलीत बुडवून ठेवायचो. आमच्या ऑफिसचे जुने चेंडू चामड्याचे, पाणी पिऊन दगड व्हायचे. मला वाटायचं, जड चेंडूची सवय झाली की सामन्यातला हलका वाटेल. रोज सकाळी शंभर हेडर, सुटीच्या दिवशी दोनशे. तू उंच होतास, तुला स्टॉपर करायचं मीच ठरवलं.

तुझी आई एकदा म्हणाली होती, दादा, याचं डोकं दुखतं म्हणतो. मी तिला म्हणालो, सवय होईल. ती पुन्हा काही बोलली नाही. तिचा माझ्यावर विश्वास होता.

मला कुणी काही शिकवलेलं नव्हतं. मनानंच करत होतो. पण डोकं तुझं होतं.

घरी ये. लायसन्सचं पुढे पाहू. मी मैदानावर ओळखीनं काहीतरी जमवतो. नाही जमलं तर बेगम बाजारात हिम्मतरावांच्या मसाल्याच्या गोदामावर हिशोबनीस लागतोच. त्यात कमीपणा नाही. ये.

केशवमामा


कोळिकोड
१६ सप्टेंबर २०२३

मामा,

तुम्ही स्वतःला बोल लावून घेऊ नका. मला खेळायचं होतं, तुम्ही ओढून नेलं नव्हतं.

गोदामाचं वाचलं. आज ते शक्य नाही. आठ ऑक्टोबरला पहिला सामना आहे, अकरांत माझं नाव आहे. गेल्या वर्षी निम्मा सीझन बेंचवर बसून काढला. एकदा तरी उभा राहून शेवट करू द्या.

तुम्ही शब्द दिला आहे.

पुष्कर


कोळिकोड
४ ऑक्टोबर २०२३

केशवराव,

आज सकाळी मॅनेजरनं ऑफिसात बोलावलं. टेबलावर दोन पत्रं होती, माझ्या अक्षरातली. पाच ऑगस्टचं आणि एकोणतीस ऑगस्टचं. शेजारी इंग्रजीत टाईप केलेला तर्जुमा. तर्जुमा कुणी केला? बाजारातल्या टायपिंगवाल्यानं? म्हणजे त्यानंही वाचलं.

क्लबच्या डॉक्टरनं संदेशलाही बोलावलं. त्याला विचारलं, रस्ता चुकला होता का. तो माझ्याकडे न बघता हो म्हणाला. मग मला पुन्हा चाचणीला बसवलं. दहा शब्द दाखवले. मी तीन सांगितले.

करार संपला. वागले नीट, कुणी आवाज चढवला नाही. कोच दारापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, बरं झालं कळलं. मी त्याच्याशी हात मिळवला नाही.

मी जगात एकाच माणसाला खरं लिहिलं होतं.

मी कोलकात्याला चाललो आहे. तिकडे गावोगाव 'खेप' चालते. एका सामन्यापुरते खेळाडू आणतात, दुपारी खेळायचं, संध्याकाळी दुसऱ्या गावाला. तिथे डॉक्टर नसतो, चाचणी नसते आणि मराठी वाचणारं कुणी नसतं. सुजाताला सांगितलंय की क्लब बदलला. ते खोटं नाही.

यापुढे मला लिहू नका. पत्ता देणार नाही.

पुष्कर


सुलतान बाजार
२ नोव्हेंबर २०२३

चि. सौ. सुजातास आशीर्वाद.

तू दिलसुखनगरला, मी इथे. अर्ध्या तासाच्या वाटेवर पत्र पाठवतो आहे, कारण समोर बसून तुझ्या फळ्यावर हे लिहिण्याचं धाडस मला झालं नाही. दोनदा निघालो आणि मेट्रोच्या जिन्यावरून परत आलो.

पुष्करच्या डोक्याची अवस्था चांगली नाही. त्यानं मला ऑगस्टमध्ये सगळं लिहिलं होतं आणि तुला न सांगण्याचा शब्द घेतला होता. मी तो पाळला. पण त्याची पत्रं त्याच्या क्लबला पाठवली. तुला सांगितलं नाही, म्हणजे शब्द मोडला नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्यांनी त्याला काढलं. मला वाटलं होतं तो घरी येईल. तो बंगालात गेला आणि गावोगावच्या सामन्यांत खेळतो आहे, जिथे त्याला कुणी विचारणारं नाही.

त्याचं शेवटचं पत्र सोबत ठेवलं आहे. त्याला फोन कर. मी फोन करू शकत नाही, केला तरी तो काय म्हणाला ते मला ऐकू येणार नाही. तुझं तो ऐकेल. त्याला परत बोलाव.

केशवमामा


दिलसुखनगर
११ जानेवारी २०२४

मामा,

तुमचं पत्र नोव्हेंबरात मिळालं होतं. उत्तर दिलं नाही कारण फार वाईट शब्दांत दिलं असतं. आजही ते चांगल्या शब्दांत होईल असं वाटत नाही.

मी फोन केले. तो उचलायचा आणि म्हणायचा, डिसेंबरअखेर येतो. सतरा डिसेंबरला वर्धमानजवळच्या एका गावात सामना होता. कॉर्नर आला, तो उडी मारून वर गेला, त्यांच्या गोलकीपरचा गुडघा त्याच्या डोक्यावर बसला. गावातल्या लोकांनी टेम्पोत घालून हॉस्पिटलात नेलं. दोन दिवस शुद्ध नव्हती. त्याच्या मोबाईलवरून कुणी तरी मला फोन केला, ते बंगालीत बोलत होते, मला 'हेड' एवढाच शब्द कळला. मृण्मयीला शेजारच्या वंदनाताईंकडे ठेवून मी गेले. एक तारखेला त्याला घेऊन परत आले.

तो चालतो, जेवतो, आम्हाला ओळखतो. गेल्या वर्षीच्या मे-जूनपर्यंतचं त्याला आठवतं. पुढचं नाही. केरळ नाही, बंगाल नाही. पत्रं लिहिली तेही आठवत नाही. नवीन गोष्ट आज सांगितली तर उद्या बहुतेक नसते. सकाळी मी त्याला सांगते की आपण दिलसुखनगरला आहोत, तुला लागलं होतं, तू आता खेळत नाहीस. तो रोज विचारतो, कधीपासून. डॉक्टर म्हणतात की हळूहळू काही परत येईल, सगळं येणार नाही, आणि डोक्याला पुन्हा धक्का बसता कामा नये.

तुम्ही मला सांगायचं होतं, मामा. क्लबला नाही, मला. मी ऑगस्टमध्येच जाऊन त्याला हाताला धरून आणलं असतं. तुम्ही त्याला दिलेला शब्द पाळला आणि त्याला एकट्याला रस्त्यावर सोडलं. पण मी तरी काय केलं? तुमचं पत्र हातात असताना दीड महिना फोनवरच थांबले. क्लासच्या मुलांच्या परीक्षा होत्या. हेही मला विसरता येत नाही.

तो तुमच्याबद्दल विचारतो. मी सांगितलंय की तुम्हाला बरं नाही, म्हणून येत नाही. सध्या येऊ नका. पत्रांचं त्याला काही कळवू नका. त्याच्याकडे आता माणसं थोडी उरली आहेत आणि त्यांच्यात तो तुम्हाला धरतो.

सुजाता


दिलसुखनगर
३ मार्च २०२४

मामा, नमस्कार.

सुजाता म्हणते तुम्हाला बरं नाही. कशानं? जिना चढू नका. तुमच्या औषधांची यादी मला पाठवा, मी सुजाताला आणायला सांगतो.

माझी तब्येत सुधारते आहे. सुजातानं एक वही दिली आहे, त्यात दिवसभराचं लिहायचं आणि सकाळी वाचायचं. वाचताना दुसऱ्या कुणाची तरी वही चोरून वाचतोय असं वाटतं. काल मृण्मयीला शाळेत सोडायला गेलो, असं वहीत आहे. गेलो असेन.

मृण्मयी मला अभ्यासाला बसवते. पाढे तिच्याआधी मला म्हणता येतात, याचं तिला नवल वाटतं. जुनं सगळं पक्कं आहे, मामा. तुमचं मैदान, दोरीचा चेंडू, पहिल्या ट्रायलला तुम्ही माझ्याबरोबर गोव्याला आला होतात आणि परतीचं आरक्षण नव्हतं म्हणून गाडीच्या दाराशी बसून गेलात, ते सगळं. मी कुणाला सांगितलं नसेल, पण क्लब बदलले, गावं बदलली, तेव्हा पाठीशी एक माणूस आहे, हे मला कायम माहीत होतं. बाप लहानपणी गेला त्याची उणीव मला वाटली नाही.

एक विचारायचं आहे. परवा केरळहून संदेश नावाच्या माणसाचा फोन आला. म्हणाला, आपण एका खोलीत राहायचो. मला आठवला नाही, तरी मी ओळख दाखवली. बोलता बोलता तो म्हणाला, तुझी पत्रं क्लबला पाठवली नसती तर तू बंगालात गेलाच नसतास. मी वहीत लगेच लिहून ठेवलं. सुजाताला विचारलं, ती म्हणाली त्याचा काही तरी गैरसमज झाला असेल. पण सांगताना ती भांडी आवरायला लागली, ती अशीच करते.

पत्रं मी तुम्हालाच लिहीत होतो ना? मग ती कुणाच्या हाती लागली? तुमच्याकडे कोण येतं जातं? खाली पुस्तकांच्या दुकानातलं कुणी? तुम्हाला माहीत असेल तर कळवा. राग धरायला निदान माणूस तरी माहीत पाहिजे.

तुमचा,
पुष्कर


सुलतान बाजार
१८ मार्च २०२४

चि. सौ. सुजातास आशीर्वाद.

सोबत पुष्करसाठी पत्र आहे. पाकीट उघडंच ठेवलं आहे. आधी तू वाच. द्यायचं की नाही ते तू ठरव, नाही दिलंस तर मी तुला विचारणार नाही. पण त्यानं मला सरळ विचारलं आहे. मी एकदा त्याच्या पाठीमागे केलं, आता त्याच्या तोंडावर खोटं सांगणं मला जमणार नाही.

केशवमामा


सुलतान बाजार
१८ मार्च २०२४

चि. पुष्कर,

पत्रं कुणाच्या हाती लागली नाहीत. मी पाठवली.

क्रमानं लिहितो, म्हणजे तुला धरून ठेवायला सोपं जाईल. गेल्या जुलैत तू कोळिकोडला गेलास. ऑगस्टमध्ये तू मला लिहिलंस की डोकं दुखतं, रस्ता चुकतो, क्लबच्या चाचणीत तू फसवलं आहेस. तू मला शब्द मागितलास आणि मी दिला. मी तुला घरी बोलावलं, तू नाही म्हणालास. मग सप्टेंबरच्या अखेरीला मी तुझी दोन पत्रं घेतली, बाजारात तर्जुमा करून घेतला आणि क्लबच्या पत्त्यावर रजिस्टर टपालानं टाकली. क्लबनं तुला काढलं. तू रागावून बंगालात गेलास आणि तिथे तुला हे लागलं. तू मला शेवटचं लिहिलंस त्यात मला मामा म्हटलं नव्हतंस, केशवराव म्हटलं होतंस. ते बरोबर होतं.

तुला हे आठवत नाही असं सुजातानं जानेवारीत कळवलं, तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं तेही सांगतो. मला सुटल्यासारखं वाटलं. दोन दिवस मी नीट जेवलो. तिसऱ्या दिवशी माझीच मला शिसारी आली.

तुझं पत्र आलं, तू बापाचं लिहिलं आहेस. ते मी एकदाच वाचलं. ते ज्या माणसाला लिहिलं आहे तो मी नाही, निदान ऑक्टोबरनंतर नाही.

मी पाठवली नसती तर तू आठ ऑक्टोबरला खेळला असतास. तिथे मार लागला असता किंवा नसता, तिथे निदान डॉक्टर होता. पाठवली म्हणून तू वाचलास असं मला म्हणता आलं असतं तर मी म्हटलं असतं. म्हणता येत नाही. पुन्हा तीच वेळ आली तर काय करेन, हा प्रश्न मी रोज सोडवतो आणि रोज उत्तर वेगळं येतं. सुजाता म्हणते, तिला सांगायचं होतं. ते एक उत्तर खरं असावं.

हे पत्र वहीत ठेव. विसरलास तर पुन्हा वाच. तुझ्या वाटचा राग तुझ्याजवळ असावा, माझ्या सोयीसाठी तो पुसला जाऊ नये.

मला काहीही झालेलं नाही. तब्येत ठणठणीत आहे.

केशवराव


दिलसुखनगर
२७ मार्च २०२४

मामा,

तुमचं पत्र सुजातानं तीन दिवस स्वतःजवळ ठेवलं होतं, मग शनिवारी दुपारी मला दिलं. मी वाचत होतो तोवर ती दारात उभी होती.

मला राग आला. पुष्कळ आला. मी गच्चीवर जाऊन उन्हात उभा राहिलो, डोळे दुखायला लागले तरी खाली आलो नाही. सुजातानं वर येऊन विचारलं, कशाचा राग, पाठवली त्याचा की लपवलं त्याचा. मी म्हटलं, मला न सांगता पाठवली त्याचा. मला आधी एक ओळ लिहायची होती, मी पाठवतोय म्हणून. मग मी भांडलो असतो. भांडायला तरी मिळालं असतं.

संध्याकाळी मी जेवलो नाही. वहीत काही लिहिलं नाही. मुद्दाम नाही, लिहावंसं वाटलं नाही.

रविवारी सकाळी जाग आली तेव्हा पहिले तुम्ही मनात आलात. राग तसाच होता. सुजाता रोजच्यासारखी सांगायला बसली, आपण दिलसुखनगरला आहोत. मी म्हटलं, माहीत आहे, मामांनी माझी पत्रं क्लबला पाठवली, सप्टेंबरच्या अखेरीला, रजिस्टरनं, आणि तर्जुमा बाजारात करून घेतला. पत्र न बघता सांगितलं.  ती रडायला लागली. आल्यापासून आदल्या दिवशीची गोष्ट माझ्याजवळ सकाळपर्यंत अशी अख्खी राहिली, ती ही पहिलीच, असं तिनं मागाहून सांगितलं.

आज बुधवार. अजून आहे.

तुम्ही इतक्यात येऊ नका.

पुष्कर